कळते, पण वळत नाही

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "शेतकऱ्याला कळते, पण वळत नाही." बीजप्रक्रियेची माहिती देऊन झाली, पत्रके वाटून झाली, सभेत माना डोलल्या, आणि पेरणीच्या दिवशी पिशवीतले बी तसेच चाड्यावर गेले. असे घडले की हे वाक्य उच्चारले जाते व चर्चा तेथेच थांबते. म्हण जुनी आहे आणि मोठी सोयीचीही आहे. सांगणाऱ्याने आपले काम केले, उणीव ऐकणाऱ्याच्या स्वभावात आहे, असा निवाडा तिच्यात परस्पर होऊन जातो. परंतु ज्याला येथे 'कळले' असे म्हटले आहे ते खरोखर कळलेले असते काय, की केवळ ऐकलेले असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. शेतीविस्ताराच्या कामाचे यशापयश बहुतांशी याच प्रश्नावर अवलंबून आहे.

मनुष्याला ज्ञान कोणत्या वाटांनी होते याचा विचार भारतीय दर्शनांनी फार बारकाईने केला. गौतमाच्या न्यायदर्शनाने अशा चार वाटा मानल्या : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी जाणला ते अनुमान. रानातला गवा गाईसारखा असतो असे कोणी सांगितले आणि पुढे रानात तसा प्राणी दिसताच तो ओळखता आला, ते उपमान. आणि विश्वासू माणसाने सांगितले म्हणून जाणले ते शब्दप्रमाण. चार्वाकमताने यांपैकी केवळ प्रत्यक्ष तेवढे खरे मानले. शेतकरी काही चार्वाक नव्हे. तो पंचांग मानतो, आजोबांनी सांगितलेले नक्षत्रांचे आडाखे मानतो, कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराने पुढे केलेली बाटली मानतो. इतक्यांचे शब्द ज्याला चालतात त्याला कार्यकर्त्याचाच शब्द का चालू नये?

याचे उत्तरही न्यायशास्त्रातच सापडते. कोणाचाही शब्द प्रमाण नसतो. आप्ताचा शब्द प्रमाण असतो. आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्ताची जी लक्षणे सांगितली ती अशी की, त्याने ती गोष्ट स्वतः साक्षात् जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषीला लागू आहे, आर्याला लागू आहे आणि म्लेच्छालाही तितकेच लागू आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कुळ, पदवी किंवा हुद्दा यांवरून माणूस आप्त ठरत नाही. शेतकऱ्याने हे भाष्य वाचलेले नसते, परंतु त्याची कसोटी नेमकी हीच असते. याने हे कधी स्वतःच्या हाताने पेरले आहे काय? आणि माझे पीक बुडाले तर याचे काय जाणार आहे? या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत तो मान डोलावतो आणि वाट पाहतो. याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याच्या हाती वर्षाचा एकच हंगाम आहे आणि तोही बहुधा पावसाच्या मर्जीवर, त्याने पुरावा मागणे यात विवेकच अधिक आहे.

ही रीत केवळ येथल्याच शेतकऱ्याची नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात मक्याचे संकरित बियाणे १९२८ च्या सुमारास बाजारात आले. ते उत्पन्नाला सरस होते, पण दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागे. घरचे बी राखण्याची चाल त्यामुळे मोडत होती. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी तेथील दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची माहिती गोळा केली व १९४३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४१ पर्यंत दोघांखेरीज सर्वांनी ते बियाणे स्वीकारले होते. पण पहिल्यांदा ऐकणे आणि स्वीकारणे यांत बहुतेकांची अनेक वर्षे गेली होती. बियाण्याची वार्ता पुष्कळांना प्रथम विक्रेत्याकडून कळली होती. मन मात्र वळले ते शेजाऱ्याच्या अनुभवाने. आणि विशेष म्हणजे, जे सर्वांत पुढे होते त्यांनीही पहिल्या वर्षी आपल्या रानाच्या लहानशा तुकड्यावरच ते लावून पाहिले होते. आयोवाचा शेतकरी शिकलेला होता, त्याच्या दाराशी वर्तमानपत्र येत होते. तरीही त्याने शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून मका पाहिला आणि मग घरच्या एका कोपऱ्यात लावला. वार्ता देणारा एक आणि खात्री पटविणारा दुसरा, हा भेद कार्यकर्त्याने मनात पक्का धरला, तर सभेत डोललेल्या मानांचे मोल त्याला यथायोग्य कळेल.

त्याच देशात, त्याच्या पंचवीस वर्षे आधी, सीमन नॅप या विस्तारकार्याच्या अग्रणीला हीच गोष्ट उमगली होती. सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रात्यक्षिक शेतांकडे पाहून शेतकरी एवढेच म्हणत की, सरकारच्या पैशावर काय पिकणार नाही? तेव्हा १९०३ मध्ये टेक्सासमधील टेरेल गावी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात, त्याच्याच हातून, नव्या पद्धतीने पीक घेण्याचे ठरले. नुकसान झाल्यास भरून देण्यासाठी गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून निधी उभा केला. तो निधी वापरावाच लागला नाही. पोर्टरला नफा झाला. नॅपच्या म्हणण्याचा आशय असा होता की, माणूस ऐकलेल्या गोष्टीविषयी शंका घेतो, पाहिलेल्या गोष्टीविषयीही कदाचित घेईल, परंतु जे त्याने स्वतः केले त्याविषयी त्याला शंका घेता येत नाही. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला तेव्हा प्रात्यक्षिकाची ही कल्पना तिच्या पायाशी होती. पुढे मात्र पुष्कळ ठिकाणी प्रात्यक्षिकाचा अर्थ पालटला. खत सरकारचे, बी सरकारचे, पाटी रंगविलेली, रान रस्त्याकडेचे व गावातील सर्वांत सधन शेतकऱ्याचे, आणि कापणीच्या दिवशी पाहुणे! शेतकरी तेथे पाहुणा म्हणून येतो व पाहुणा म्हणून परत जातो. त्याच्या हाताला तेथे काहीच घडत नाही.

हाताला घडणे याला एवढे महत्त्व का, याचा विचार पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही झाला आहे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १९४९ मध्ये 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात दोन प्रकारच्या जाणण्यांतील भेद दाखविला : अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणे, आणि अमुक गोष्ट कशी करावी हे जाणणे. दुसरे जाणणे हे पहिल्याची नुसती बेरीज करून येत नाही. पोहण्याचे पुस्तक पाठ करून कोणी तरत नाही. शेतीतील उदाहरण घ्यावयाचे तर वाफशाचे घ्यावे. रानाला वाफसा आला की नाही, हे अनुभवी शेतकरी मूठभर माती दाबून, ती बोटांनी फोडून, चालताना पायाला काय लागते ते पाहून क्षणात सांगतो. कसे ओळखले असे विचारल्यास त्याला ते नीट शब्दांत मांडता येईलच असे नाही. म्हणून ते ज्ञान नव्हे असे म्हणणारा कार्यकर्ता स्वतःच एका मोठ्या ज्ञानाला मुकतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यातील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानाच्या उभ्या पिकात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी वर्षानुवर्षे निवडून वाढविले, आणि त्यातून 'एचएमटी' नावाने प्रसिद्ध झालेला बारीक तांदूळ उभा राहिला. त्यांचे शालेय शिक्षण नाममात्र होते. हजारो लोंब्यांतील काही निराळ्या लोंब्या दिसणे ही दृष्टी कोणत्याही पत्रकातून आलेली नव्हती.

एवढ्यावरून शेतकऱ्याच्या अनुभवाला सर्वत्र अखेरचा शब्द मानावे असे मात्र म्हणता येत नाही. अनुभव शिकवितो हे खरे. पण अनुभव चुकीचेही शिकवितो, आणि शेतीत तर फार सहज शिकवितो. याचे कारण मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात कोंडलेले मांजर धडपडता धडपडता कळ दाबते, दार उघडते, बाहेर ठेवलेले खाद्य मिळते. हळूहळू ते निरर्थक धडपड टाकून देते व कळच दाबू लागते. ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख येते ती कृती मनात रुजते, असा नियम त्याने पुढे मांडला. यातील 'पाठोपाठ' हा शब्द शेतीविस्तारात सोन्याच्या मोलाचा आहे. दार जर कळ दाबल्यावर चार महिन्यांनी उघडते, तर ते मांजर काय शिकले असते?

शेतीत दार बहुधा चार महिन्यांनीच उघडते. कधी चार वर्षांनी. युरिया टाकला की थोड्याच दिवसांत पीक हिरवेगार दिसते. डोळा तत्काळ शिकतो. शेणखताचा, हिरवळीच्या खताचा किंवा पिकांच्या फेरपालटीचा गुण हंगामागून हंगाम सावकाश येतो. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून मन ते शिकत नाही. पोटॅशमुळे पानांवर तशी झळाळी येत नाही, तेव्हा ते पैसे वाया गेले असे वाटते. युरियाचा अतिरेक हा शेतकऱ्याच्या अज्ञानाचा परिणाम आहे असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक तो त्याच्या शिकण्याचाच परिणाम आहे. जे झटपट दिसले तेच तो शिकला. त्याला पुन्हा एकदा 'संतुलित खत वापरा' असे सांगून हे शिकणे पुसले जाणार नाही, कारण शब्दाची गाठ येथे प्रत्यक्षाशी पडली आहे, आणि या झुंजीत शब्द सहसा हरतो.

फवारणीचेही तेच. औषध मारले की सकाळी किडी मरून पडलेल्या दिसतात. पण त्यांच्याबरोबर किडी खाणारे कोळी व ढालकिडेही मेले हे कोणी मोजीत नाही. आणि शत्रू उरला नाही म्हणून काही आठवड्यांनी तीच कीड दुपटीने उसळली, तर पहिल्या फवारणीशी तिचा संबंध कोणी जोडीत नाही. उलट आणखी जालीम औषध हवे असे अनुमान निघते. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी हाच धडा फार महागात दिला. औषधे वाढत गेली तशी कीडही वाढत गेली. अखेरीस १९८६ मध्ये तेथील शासनाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने माणूस शिकत नाही. शिकणे घडले ते १९८९ पासून सुरू झालेल्या शेतीशाळांत. सुमारे पंचवीस शेतकरी, एक रान, आणि संपूर्ण हंगामभर आठवड्यातून एक सकाळ. व्याख्यान जवळजवळ नाहीच. शेतकरी रानात उतरत, झाडे तपासत, किडी व मित्रकीटक मोजत, जे दिसले त्याचे मोठ्या कागदावर चित्र काढीत आणि मग फवारावे की न फवारावे हे आपसांत वाद घालून ठरवीत. जाळीने झाकलेल्या भाताच्या रोपावर तुडतुडे आणि कोळी एकत्र सोडीत, व कोण कोणाला खातो ते पाहत. पिकाची काही पाने मुद्दाम कापून ठेवीत व उत्पन्नात किती फरक पडतो ते मोजीत. महिन्यानंतर आणि दृष्टीआड घडणारी गोष्ट अशा रीतीने आठवड्याच्या आत व डोळ्यांसमोर आली. थॉर्नडाइकचे दार त्यांनी जवळ ओढून घेतले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

महाराष्ट्रातही कृषी विभागाच्या शेतीशाळा याच धर्तीवर भरतात. जेथे त्या रानात भरतात तेथे त्यांचा गुण दिसतो. जेथे त्या समाजमंदिरात खुर्च्या मांडून, छायाचित्र काढण्यापुरत्या भरतात, तेथे त्या शाळाही नव्हेत आणि शेतीही नव्हे.

या सर्व विवेचनाला केवळ उत्पन्नाचाच संदर्भ आहे असे नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना छापलेल्या होत्या. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे विषाची तीव्रता दाखविणारे त्रिकोण त्या डब्यांवर असतात. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ 'विष कमी' असा आहे, 'विष नाही' असा नव्हे. बारीक अक्षरांतील ती सूचना म्हणजे शब्दच होता. परंतु तो कोणा आप्ताच्या तोंडून आलेला नव्हता, आणि पंप पाठीवर घेणारा मजूर तर कोणत्याही सभेला बोलावला गेला नव्हता. पंपात औषधाऐवजी रंगीत पाणी भरून, पांढरा सदरा घालून, वाऱ्याच्या तोंडाला चार ओळी फवाराव्यात आणि मग सदरा पाहावा. छाती, बाह्या, मानेचा भाग किती रंगला ते त्या मजुराने स्वतः पाहिले, तर पुढचे बोलणे अगदी थोडे लागते.

आता अनुमानाविषयी. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी असा नित्य संबंध आधी ठाऊक असतो. शेतीत असे स्वच्छ संबंध फार थोडे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाडा व विदर्भातून फार मोठ्या प्रमाणावर आल्या. दोष कोणाचा? बी निकृष्ट असेल. बी खोल पडले असेल. पुरेशी ओल नसताना पेरणी झाली असेल. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर पापडी धरली असेल. पोती आपटून बियाचे नाजूक टरफल दुखावले असेल. पेरून झाल्यावर हे निवडून काढणे जवळजवळ अशक्य होते, आणि मग ज्याला जे अनुमान सोयीचे तेच तो काढतो. शेतकरी कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी शेतकऱ्याकडे. पैसा मात्र एकाचाच मातीत जातो.

यासाठी एकच उपाय आहे व तो फार जुना आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि बाकी सर्व सारखे ठेवून शेजारी शेजारी पाहावयाचे. प्रात्यक्षिकात तुलनेचा पट्टा हवा तो याचसाठी. बीजप्रक्रिया केलेल्या चार ओळी आणि न केलेल्या चार ओळी, त्याच रानात, त्याच दिवशी, त्याच तिफणीने. ज्या प्रात्यक्षिकात नवे बी, जादा खत, जादा पाणी व जादा देखभाल हे सारे एकदमच दिले जाते आणि शेजारी तुलनेला काहीच नसते, त्यातून पीक उत्तम येते. पण ते कशाने आले हे कोणालाच सांगता येत नाही. तुलनेच्या पट्ट्यात उत्पन्न थोडे कमी येईल म्हणून तो टाळणे ही तर उलटी काटकसर होय. तो कमी आलेला पट्टाच शिकवीत असतो.

आणि सोयाबीनच्या बाबतीत तर रानाचीही गरज नाही. घरच्या बियाच्या ढिगातून, वरून, खालून, मधून असे घेतलेले शंभर दाणे, एक ओले गोणपाट, दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, पाणी शिंपडून ओल राखावी. पाच-सहा दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर बी शिफारशीच्या प्रमाणात पेरावे. थोडे कमी उगवले तर त्या मानाने बियाचे प्रमाण वाढवावे. फारच कमी उगवले तर ते बी पेरण्याच्या भानगडीत पडू नये. चार महिन्यांचे दार येथे सहा दिवसांत उघडते, आणि तेही एक पैसा न खर्चता.

अशी चाचणी कार्यकर्त्याने चावडीवर करून दाखविली की काम झाले असे समजले जाते. तसे नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत असे दिसले की पाठ केलेल्यातील पुष्कळसा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो, आणि अंतराअंतराने उजळणी केल्यास तो टिकतो. जूनच्या तोंडावर एकाच सभेत बियाण्यापासून साठवणीपर्यंत सारे सांगून टाकणे हे म्हणूनच व्यर्थ आहे. मे महिन्यात एकच गोष्ट : गोणपाट. तेही चावडीवर नव्हे, घरोघरी.

घरोघरी म्हटले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक घरांत बी वाळविणे, निवडणे, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात राखणे हे काम स्त्रियांचे असते. कोणत्या कणगीतले बी पावसाळी हवेने दमट झाले होते, कोणते मळणीत जादा मार खाऊन आले, हे त्यांना ठाऊक असते. सभा मात्र सायंकाळी पारावर भरते, त्या वेळी चूल पेटलेली असते. तेव्हा गोणपाट मांडावयाचे ते ओसरीवर, दुपारच्या सवडीने, घरातील बाईच्या हातून. आणि सहाव्या दिवशी दाणे मोजावयास शाळेत जाणारे पोर बसवावे. ओळीओळीने मोजून ते आकडा सांगेल. तो आकडा कार्यकर्त्याने आपल्या वहीत उतरून घ्यावा, व शेजारच्या घरचा आकडा काय आला तेही त्या ओसरीवर सांगावे.